तार तुटली तरी चालणारी नोंद

ऑकलंडहून निघालेली ‘टालून’ ही बोट ७ नोव्हेंबर १९१८ रोजी सामोआ बेटांवरच्या आपिया बंदराला लागली. वाटेत फिजीतल्या सुवा बंदरात तिच्यावर विलगीकरणाचे निर्बंध लागले होते. आपियाच्या अधिकाऱ्यांना ते सांगितलेच गेले नाही. बोटीवर इन्फ्लुएंझाचे आजारी होते, तरी उतारू किनाऱ्यावर उतरले, आपापल्या गावी गेले आणि दोन महिन्यांच्या आत पश्चिम सामोआतली सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ २२ टक्के, मरण पावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पोयर यांना बिनतारी संदेशांमधून साथीची बातमी कळली होती. त्यांनी बाहेरून येणाऱ्या बोटींवर कडक निर्बंध घातले, आणि तिथे या साथीत एकही माणूस दगावला नाही. दोन्हीकडची भाषा एक, नातीगोती एक, हवा-पाणी एक. फरक होता तो एवढाच, की एका बंदरात ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या बंदरात वेळेवर पोहोचली का, आणि पोहोचल्यावर तिथल्या माणसाच्या हातात तिच्यावरून काही करण्याचा अधिकार होता का. बेटांवरच्या आरोग्य माहिती प्रणालीबद्दल आज जे बोलले जाते, त्यातले बरेचसे या दोन प्रश्नांवर तपासून पाहता येते.

एकशे एक वर्षांनी त्याच पश्चिम सामोआत, म्हणजे आजच्या सामोआत, गोवराची साथ आली. तोवर दूरध्वनी, इंटरनेट, विमाने सगळे होते. जुलै २०१८मध्ये लस टोचल्यावर दोन तान्ही बाळे दगावली होती. लसीची पावडर पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या, मुदत संपलेल्या औषधात कालवली गेली होती. लसीत दोष नव्हता, पण लसीकरण कित्येक महिने थांबवले गेले आणि आई-बापांचा विश्वास उडाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली तिथे गोवराच्या पहिल्या मात्रेचे प्रमाण ३१ टक्क्यांवर घसरले होते. २०१९च्या अखेरीस जेमतेम दोन लाख वस्तीच्या या देशात ५,७००हून अधिक लोकांना गोवर झाला आणि ८३ जण दगावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. त्याच सुमारास टोंगा आणि फिजीतही गोवर पोहोचला होता, पण तिथे लसीकरण चांगले असल्यामुळे एकही मृत्यू झाला नाही. सामोआ सरकारने ५ आणि ६ डिसेंबरला सगळा देश बंद ठेवला आणि घरोघरी जाऊन लस टोचली. कुठल्या घरात लस न घेतलेले माणूस आहे हे कळावे म्हणून लोकांना दारासमोर लाल कापड बांधायला सांगितले गेले.

त्या लाल कापडापाशी थोडे थांबायला हवे. ३१ टक्के हा आकडा संकटाची खोली सांगत होता. पण सकाळी लसीची पेटी घेऊन गावात शिरलेल्या परिचारिकेला त्याचा उपयोग काय? तिला हवे असते घर, त्या घरातले मूल आणि त्याची चुकलेली मात्रा. टक्केवारी राजधानीत लागते, यादी गावात लागते. अशी यादी प्रत्येक दवाखान्यात तयार आणि ताजी असती, तर दारावर कापड बांधण्याची वेळ आली नसती. सामोआच्या लोकांनी ते काम निष्ठेने केले आणि वर्षअखेरीपर्यंत लसीकरण सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत नेले. पण एका देशाची माहिती प्रणाली अखेर चिंधीच्या रंगावर यावी, याची किंमत त्या मुलांनी मोजली. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की बेटांवरची डिजिटल आरोग्य व्यवस्था दवाखान्यातल्या टेबलापासून बांधत न्यावी. ज्या जागी नोंद होते, तिथे ती आधी पूर्णपणे उपयोगी पडली पाहिजे, बाहेरच्या जगाशी जोडणी असो वा नसो. वर जाणारे आकडे त्या नोंदीतून आपोआप निघावेत, आणि वर गेलेल्या आकड्यांतून खालच्यांना उपयोगी असे काहीतरी परत यावे. आज बहुतेक ठिकाणी बांधणी याच्या उलट, राजधानीतल्या पडद्यापासून सुरू होते.

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच एक भूभाग येतो. पॅसिफिकमधला किरिबाटी हा देश पाहिला की तो समज जातो. (लिहिताना किरिबाटी, पण तिथले लोक उच्चार करतात किरिबास.) देशाची एकूण जमीन ८११ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईपेक्षा अधिक. ती ३३ बेटांत विखुरलेली, आणि त्या बेटांभोवतीचा या देशाचा समुद्र भारताच्या क्षेत्रफळाहूनही मोठा. लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार, तिच्यातली निम्म्याहून अधिक राजधानीच्या दक्षिण तारावा पट्ट्यात. तारावापासून पूर्वेकडचे किरितिमाती बेट सुमारे ३,३०० किलोमीटरवर आहे, काश्मीर ते कन्याकुमारी या सरळ अंतराहूनही दूर. देशात आजही तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा आहेत आणि १९९५पर्यंत तर आंतरराष्ट्रीय वाररेषा देशाच्या मधून जात असल्याने पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बेटांवर तारीखच वेगळी असे. नोंदीतली सगळ्यांत साधी गोष्ट म्हणजे दिनांक. तोसुद्धा इथे विचार करून लिहावा लागतो. मुंबईत किंवा मेलबर्नमध्ये बसून संगणक-प्रणाली लिहिणाऱ्याला हे लक्षात येणे कठीणच.

बाहेरच्या बेटांवरच्या दवाखान्यात डॉक्टर बहुधा नसतो. तिथे असते परिचारिका किंवा जादा प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय सहायक. त्यांच्या टेबलावर दोन गोष्टी हमखास सापडतात. एक लसीच्या फ्रीजचा तापमान-तक्ता आणि दुसरी औषधसाठ्याची नोंद. फ्रीजचे तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान आहे ना, हे सकाळ-संध्याकाळ पाहून तक्त्यावर लिहायचे असते. उष्णतेची धास्ती सगळ्यांना असते, पण थंडीने होणारे नुकसान अधिक फसवे. हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस एकदा गोठली की निकामी होते, आणि वितळल्यावर बाटली वरवर पाहता पहिल्यासारखीच दिसते. रात्री तीन वाजता तापमान शून्याखाली गेले आणि सकाळपर्यंत पुन्हा चारवर आले, तर तक्त्यावर सगळे ठीक दिसेल आणि त्या दिवशी टोचलेल्या मुलांना संरक्षण मात्र मिळणार नाही. फ्रीजमध्ये ठेवलेले, दर काही मिनिटांनी तापमान टिपणारे छोटे यंत्र ही रात्र पकडते. आता खरा प्रश्न येतो. यंत्राने पकडलेली ही गोष्ट कोणाला आधी कळते? इशारा फक्त राजधानीतल्या भांडार-अधिकाऱ्याला जाणार असेल आणि बेटावर त्या दिवशी जोडणी नसेल, तर परिचारिका तीच लस टोचत राहील. यंत्रावरच लाल दिवा लागला, तर ती बाटली लगेच बाजूला ठेवील. खर्चात फारसा फरक नाही, पण पहिल्या प्रकारात माहिती साठते आणि दुसऱ्यात ती मुलाच्या कामी येते.

औषधसाठ्याचे तसेच. पुरवठ्याची बोट कधी येईल याचा भरवसा नाही, समुद्र खवळला तर ती आणखी लांबते. अशा ठिकाणी औषध संपल्यावर मागणी पाठवणे म्हणजे तेवढे दिवस औषधाविना काढणे. दर महिन्याला किती लागते, हातात किती आहे आणि पुढच्या बोटीपर्यंत किती दिवस आहेत, हे गणित आधीच व्हावे लागते. “गोळ्या नाहीत तिथे टॅब कसले वाटता?” असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्यामागची तळमळ खरी आहे. पण गोळ्या कोणत्या बेटावर संपल्या आणि कोणत्या बेटावर मुदत संपून पडून आहेत, हे वेळेत न कळणे हे गोळ्या नसण्याचेच एक मोठे कारण आहे. भांडारातून माल सुटतो तो अंदाजाने. एका ठिकाणी टंचाई आणि शेजारच्या बेटावर कालबाह्य औषधांचा ढीग, हे चित्र त्यातूनच तयार होते. तेव्हा साठ्याची नोंद हा औषधपुरवठ्याचाच भाग आहे. आक्षेपातला ग्राह्य भाग एवढाच, की नोंद सुधारली आणि बोट सुधारली नाही, तर नोंद फक्त टंचाईचा पुरावा ठरेल.

या दिशेने पॅसिफिकमध्ये काही चांगले काम झाले आहे. ‘तुपाइया’ नावाचा एक मुक्तस्रोत मंच मेलबर्नच्या एका संस्थेने ऑस्ट्रेलियन सरकारच्या मदतीने उभा केला. कोणत्या दवाखान्यात कोणती औषधे, कोणती उपकरणे आणि कोणत्या सेवा आहेत हे त्यावर नकाशावर दिसते. किरिबाटी, टोंगा, सॉलोमन बेटे अशा देशांनी तो वापरला. त्याचे नावही विचार करून ठेवलेले आहे. तुपाइया हा रायातेआ बेटावरचा नाविक आणि पुरोहित १७६९ साली कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला होता आणि त्याच्या डोक्यातल्या माहितीवरून सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा कागदावर उतरला. बेटांची माहिती बेटवाल्यांकडे असते, बाहेरच्याने ती विचारून घ्यायची असते, हे त्या नावात आहे. त्याच संस्थेची दुसरी प्रणाली ‘तमानु’, म्हणजे रुग्णनिहाय नोंदी ठेवणारी. नाउरू आणि सामोआसारख्या देशांत ती वापरात आली. तमानु हे एका झाडाचे पॉलिनेशियन नाव आहे आणि ते झाड कोकणाला परके नाही. आपल्या किनाऱ्यावरची उंडी ती हीच. या प्रणालीची बांधणी मला महत्त्वाची वाटते. दवाखान्यात नोंद स्थानिक संगणकावर होते, तिथेच वाचता येते, आणि जोडणी मिळेल तेव्हा मध्यवर्ती संगणकाशी देवाणघेवाण होते. जोडणी नसेल तर काम थांबत नाही. अर्थात याची स्वतःची डोकेदुखी आहे. एकच रुग्ण दोन बेटांवर दोनदा नोंदला जातो, नावांचे स्पेलिंग बदलते, जन्मतारीख अंदाजे असते, आणि दोन नोंदी जुळवताना कोणती खरी हे कोणीतरी माणसाने ठरवावे लागते. ही मेहनत टळत नाही.

जोडणीवर अवलंबून राहण्याचा धोका किती खरा आहे, हे टोंगाने दाखवले. १५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा–हुंगा हापाई या सागरी ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि टोंगाला फिजीशी, म्हणजे जगाशी, जोडणारी समुद्राखालची केबल तुटली. तो देश जगापासून जवळजवळ पूर्ण तुटला. राखेमुळे उपग्रह-फोनही अडखळत होते. दुरुस्ती-जहाजाने केबल जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. देशांतर्गत केबल, जी वावाउ आणि हापाई या बाहेरच्या बेटांना राजधानीशी जोडते, ती पूर्ववत व्हायला तर २०२३चे मध्य उजाडले. ज्या काळात जखमी, विस्थापित आणि राखेने गढुळलेले पाणी पिणारे लोक यांची माहिती सगळ्यांत जास्त हवी होती, नेमक्या त्याच काळात तार नव्हती. बेटांवर हा योगायोग नसतो. जी आपत्ती आजार वाढवते तीच तार तोडते.

यावर उत्तर म्हणून आता उपग्रहाकडे बोट दाखवले जाते. कमी उंचीवरच्या उपग्रहांमुळे छतावर तबकडी बसवली की कुठेही इंटरनेट मिळते, मग तार तुटली तरी काम करणाऱ्या प्रणालीचा आग्रह जुन्या काळातला ठरत नाही का? हा आक्षेप हलका नाही. १७ डिसेंबर २०२४ला वानुआतूच्या राजधानीजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दूरसंचार जवळपास ठप्प झाला, आणि तेव्हा उपग्रह-जोडणीने मोठा आधार दिला. ज्या बेटावर केबल कधीच पोहोचणार नाही तिथे उपग्रह घ्यायलाच हवा. पण तबकडीला वीज लागते, महिन्याचे भाडे लागते आणि ते भाडे देणारा प्रकल्प तीन वर्षांनी संपतो. शिवाय जोडणी शाबूत असूनही मध्यवर्ती संगणक बंद पडू शकतो. याच वानुआतूत नोव्हेंबर २०२२मध्ये सरकारी जाळ्यावर सायबर हल्ला झाला. कित्येक आठवडे सरकारी ईमेल आणि सेवा बंद होत्या, कर्मचारी कागद-पेनावर आले, राजधानीतल्या रुग्णालयालाही त्याची झळ बसली. तेव्हा तार तुटलेली नव्हती. सगळे एका ठिकाणी ठेवले होते, आणि तेच ठिकाण बंद पडले. उपग्रहाने जोडणी सुधारते, पण दवाखान्यात स्वतःची प्रत असण्याची गरज त्याने कमी होत नाही. आणि कागदाचे? आईच्या हातातले लसीकरणाचे कार्ड मी मोडीत काढणार नाही. घर, मूल आणि मात्रा या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली ती एकमेव नोंद आहे, जिला चार्जिंग लागत नाही. डिजिटल नोंद आणि हे कार्ड एकमेकांशी जुळते आहे का, हे प्रत्येक भेटीत पाहिले गेले तर दोन्ही सुधारतात.

बेटांवर आणखी एक अडचण येते ती संख्येच्या लहानपणाची. लक्षद्वीपमधल्या बित्रा बेटाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २७१ होती. समजा, अशा बेटावर वर्षात पाच बाळे जन्मली आणि एका बाळाची लस राहिली, तर प्रमाण एकदम १०० वरून ८० टक्क्यांवर येते. राजधानीतल्या आलेखात ही भयंकर घसरण दिसेल, खुलासा मागणारे पत्र निघेल. प्रत्यक्षात ते बाळ आईबरोबर आजोळी गेले असेल आणि तिथे लस घेऊन आले असेल. उलट आजोळच्या बेटावर प्रमाण १०० टक्क्यांच्या वर जाईल. बेटावरची माणसे सतत ये-जा करतात, बाळंतपणाला, शिक्षणाला, नोकरीला, उपचाराला. म्हणून टक्केवारीपेक्षा नावनिशीवार नोंद, जी माणसाबरोबर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाईल, अधिक खरी ठरते. पण नावनिशीवार नोंद आली की गोपनीयतेचा प्रश्न येतो, आणि इथे लहान संख्या पुन्हा आडवी येते. मुंबईच्या अहवालात “महिला, वय ३४, क्षयरोग” असे लिहिले तर कोणी ओळखणार नाही. २७१ माणसांच्या बेटावर नाव काढून टाकले तरी गावाला ती कोण हे कळते. म्हणून नाव झाकणे हा पुरेसा उपाय नाही. कोण पाहू शकतो, कोणी पाहिले याची नोंद राहते का, आणि लहान बेटांचे आकडे जाहीर करताना एकत्र मिळवले जातात का, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर लोक आजारच लपवतील, आणि मग सगळी प्रणाली खोट्या निरोगीपणाची नोंद करीत बसेल.

नोंद करणाऱ्याच्या वेळेचा हिशेबही फार थोडे लोक मांडतात. पॅसिफिकमधल्या देशांनी २०१०मध्ये साथींवर लक्ष ठेवण्याची एक साधी पद्धत सुरू केली. ठरलेल्या दवाखान्यांनी आठवड्यातून एकदा मोजक्या लक्षणसमूहांचे आकडे कळवायचे: ताप आणि पुरळ, जुलाब, फ्लूसारखा आजार, लांबलेला ताप. प्रयोगशाळेच्या निदानाची वाट पाहायची नाही. जे परिचारिकेला डोळ्यांनी दिसते तेवढेच विचारायचे. प्रश्न थोडे असले की उत्तरे येतात, आणि ती वेळेवर येतात. याउलट प्रत्येक आजाराच्या कार्यक्रमाने, प्रत्येक देणगीदाराने आपापले अ‍ॅप आणि आपापला तक्ता आणला, तर एकाच बाळाचे वजन तीन ठिकाणी लिहावे लागते. महाराष्ट्रातल्या आशा सेविकांनी ऑनलाइन कामाच्या सक्तीविरुद्ध वेळोवेळी जो आवाज उठवला, तो तंत्रज्ञानाविरुद्धचा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. जी नोंद भरल्यावर भरणारीला त्यातून काहीच परत मिळत नाही, ती तिला ओझेच वाटणार. संध्याकाळी टॅब उघडल्यावर “या आठवड्यात या चार बाळांची मात्रा बाकी” एवढी यादी समोर आली, तर ती आपणहून नोंद पूर्ण ठेवील, कारण ती यादी तिची पायपीट वाचवते.

पैशाचा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर अर्धेच माझ्याजवळ आहे. लाखभर लोकांसाठी देशभराची प्रणाली चालवणे माणशी खर्चाने महागच पडते. अनेक छोट्या देशांनी एकच मुक्तस्रोत प्रणाली मिळून वापरणे, दुरुस्तीची माणसे वाटून घेणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग आहे. ओस्लो विद्यापीठात वाढलेली ‘डीएचआयएस २’ ही वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या कामातून जन्मलेली आरोग्य माहिती प्रणाली अशीच कितीतरी गरीब देशांनी आपलीशी केली. पण मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे. संगणक-प्रणाली विकत घ्यायला पैसे मिळतात. बॅटरी बदलायला, नव्या परिचारिकेला शिकवायला, दुरुस्तीच्या माणसाला बोटीने पाठवायला मिळत नाहीत. जोवर ही रक्कम त्या त्या सरकारच्या वार्षिक अंदाजपत्रकात येत नाही, तोवर प्रत्येक यश पाहुण्याच्या पैशावरचे आहे.

हे सगळे आपल्यापासून दूर नाही. आपल्या देशाच्या डिजिटल आरोग्य अभियानाची सुरुवात १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत झाली, आणि त्यांत अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे दोन्ही बेटसमूह होते. अंदमानला चेन्नईहून आलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल त्याच्या फक्त पाच दिवस आधी, १० ऑगस्टला सुरू झाली होती. लक्षद्वीपची कोचीहून येणारी केबल ३ जानेवारी २०२४ला सुरू झाली; तोपर्यंत तिथला भार उपग्रहाच्या मर्यादित क्षमतेवर होता. आता दोन्हीकडे तार आहे, हे चांगलेच झाले. पण तार आली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजण्याची चूक टोंगानंतर तरी आपण करू नये. आणि बेट होण्यासाठी समुद्रच लागतो असेही नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्यातली गावे दर पावसाळ्यात जगापासून तुटतात. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांवर आरोग्य पथक बोटीनेच पोहोचते. या गावांसाठी जी प्रणाली घ्यायची तिची परीक्षा साधी आहे. खरेदीच्या निविदेत एक अट घालावी: दवाखान्याची जोडणी सलग सात दिवस काढून ठेवायची, आणि त्या सात दिवसांत परिचारिकेला बाकी मात्रांची यादी मिळाली पाहिजे, जुना रुग्ण सापडला पाहिजे, औषध किती उरले ते कळले पाहिजे, आणि आठव्या दिवशी जोडणी परत आल्यावर एकही नोंद हरवलेली किंवा दोनदा झालेली नसावी. जी प्रणाली या परीक्षेत उतरणार नाही, तिचे पैसे देऊ नयेत.